काकूंच्या आवाजासाठी एक कॉम्प्युटर

घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करायची आहेत, कोणता कॉम्प्युटर घेऊ, असं मला वर्षातून चार-दोन जण तरी विचारतात. मी ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे या बाबतीतलं सगळं ज्ञान माझ्या घरी साठवून ठेवलेलं आहे असा लोकांचा समज आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं. बऱ्यापैकी प्रोसेसर बघा, रॅममध्ये कंजुषी करू नका, जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या, माइक जोडायला एक साधा ऑडिओ इंटरफेस घ्या, आणि सामान घरी आलं की त्याच दिवशी गायला बसा. शेवटची अट ऐकून लोक हसतात. मी गंमत करते असं त्यांना वाटतं. ती अट मी खोब्रागडे काकाजींमुळे घातली आहे, हे त्यांना कुठून कळणार.

नामदेवराव खोब्रागडे आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये, त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर ते कॉलनीतलं क्वार्टर सोडून नागपुरात आमच्या गल्लीत आले, पण क्वार्टर काही त्यांना सोडून गेलं नव्हतं. तिकडे कोळशाची राख सगळ्यावर बसते, तारेवरच्या कपड्यांवर, पाण्याच्या भांड्यांवर, अंगणातल्या खाटेवर. त्यामुळे काकाजी कुठेही गेले तरी बसण्याआधी खुर्चीवरून एक बोट फिरवायचे आणि ते डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी हेच केलं आणि माझ्या सासूबाईंचा पारा चढला. पुढे काकाजी फाटकात दिसले की सासूबाई आधीच फडकं घेऊन खुर्ची पुसून ठेवायच्या. काकाजी तरीही बोट फिरवायचे.

बोलणं सगळं प्लांटचं. घराबाहेर पडताना ते काकूंना 'येतो' म्हणत नसत, प्लांटमध्ये पाळी सोपवतात तसं 'चार्ज तुझ्याकडे' म्हणत. परत आले की चप्पल काढता काढता 'चार्ज घेतला'. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा पुण्याला असते. ती रोज फोन करून विचारायची की बाबा, सगळं ठीक ना, आणि यांचं उत्तर ठरलेलं, 'सगळं नॉर्मल.' एकदा काकूंच्या गॅसच्या नळीने पेट घेतला, गल्ली गोळा झाली, मी ओलं पोतं घेऊन धावले. आग विझते न विझते तोच प्रज्ञाचा फोन आला. काकाजी काळवंडलेल्या ओट्यासमोर उभे राहून शांतपणे म्हणाले, 'नॉर्मल होऊन राहिलं.'

पण त्यांचं खरं वेड होतं ऐकण्याचं. यंत्राचं पोट बिघडलं की ते आधी आवाजात कळतं, असं त्यांचं ठाम मत. त्यासाठी ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आमचा फ्रिज, माझी स्कूटी, समोरच्यांची पाण्याची मोटर, सगळ्यांची तपासणी त्यांनी अशी केलेली होती. निदान बरोबर निघायचंच असं नाही. माझ्या स्कूटीचं बेअरिंग जातंय असं त्यांनी सांगितलं, मी ते बदलून घेतलं, आणि आवाज होता तसाच राहिला. शेवटी तो नंबर प्लेटच्या सैल स्क्रूचा निघाला. काकाजींना यात काही वावगं वाटलं नाही. बेअरिंग नवीन झालं ना, म्हणाले.

विमलकाकू कुहीकडच्या. तो सगळा धानाचा पट्टा. रोवण्याच्या दिवसांत बायका चिखलात ओळीने वाकून जी गाणी म्हणतात, ती त्यांनी आईच्या मागे चालता चालता उचललेली. लग्न होऊन कोराडीला आल्यावर तिथल्या विहारात जयंतीची गाणी, पौर्णिमेची गाणी, कोणाच्या बारशाला पाळणे. शिकलेल्या कुठेच नव्हत्या. आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. खणखणीत होता. आमच्या इथल्या विहारातही त्या गायला उठल्या की माइक हाताने बाजूला सारायच्या, आणि शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द कळायचा. त्यांनी वर सूर लावला की माझ्या अंगावर काटा यायचा, आणि मी काही सहज विरघळणारी बाई नाही.

त्या काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. आधी छोटी होती, मग पदर घेतला तरी दिसायला लागली, मग भाताचा घास गिळताना त्या थांबायला लागल्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. गाठ कशी आहे हे काढल्यावरच नक्की कळेल, पण काढायलाच हवी आणि फार दिवस लावू नका, असं त्यांनी सांगितलं. काकू गातात हे कळल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आवाजाची नस त्या गाठीच्या अगदी जवळून जाते, आम्ही जपूनच करतो, पण क्वचित आवाज बसतो, गाणाऱ्यांना हे आधी सांगावं लागतं. डॉक्टर एवढं सगळं बोलले, त्यातलं काकूंनी 'काढायलाच हवी' ऐकलं आणि काकाजींनी 'आवाज बसतो' ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. खुर्चीवर बोट फिरवून बसले आणि म्हणाले की विमलची सगळी गाणी रेकॉर्ड करायची आहेत, ऑपरेशनच्या आधी, एकदम चांगल्या क्वालिटीत, तर त्यासाठी कोणता कॉम्प्युटर लागेल. मी म्हटलं, काकाजी, एका दुपारचं काम आहे, उद्या बर्डीवरच्या बाजारात जाऊ. मला खरंच तसं वाटलं होतं. मी दुकानात शिरते, हवं ते सांगते आणि घेऊन बाहेर पडते. माझा नवरा याला घाई म्हणतो.

बर्डीवरच्या एका दुकानात शिरल्या शिरल्या काकाजींनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. दुकानदाराला वाटलं हे मशीन खोलणार. तो काउंटर ओलांडून धावत आला. काकाजींनी स्क्रू-ड्रायव्हर कॅबिनेटवर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने डोळे उघडून सांगितलं की बाकीची मशिनं बंद करा, काही ऐकू येत नाही. दुकानदाराने हसत हसत ती बंद केली. मग पंखा बंद करा. तोही केला. मग एसी. एप्रिल महिना होता, दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, आणि एसी बंद करा म्हणणारा हा माणूस कॅबिनेटला कान लावून गुडघ्यावर बसलेला. "अंकल, ये कंप्यूटर है, हार्मोनियम नहीं है," दुकानदार म्हणाला. काकाजींनी त्याला हाताने गप्प केलं आणि निकाल दिला की याचा फॅन घरघरतो, गाण्यात येईल.

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. घरी रेकॉर्डिंग करताना पंख्याची घरघर माइकमध्ये येते, हे खरं आहे. पण त्याला साधे उपाय असतात. माइक तोंडाजवळ घ्यावा, मशीन लांब टेबलाखाली ठेवावं, उरलेलं नंतर सॉफ्टवेअरमध्ये कमी करता येतं. मी हे सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले आणि आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. मग दुसरं दुकान, मग तिसरं. लॅपटॉप घ्यावा की नाही, यावर एक आठवडा गेला. लॅपटॉपला बारीक शिटी आहे म्हणून तो बाद. माझे अक्षरशः हात टेकले. शेवटी मीच माझ्या ओळखीच्या माणसाकडून एक बऱ्यापैकी शांत मशीन जुळवून आणलं, इंटरफेस आणि माइकही त्याच्याकडूनच घेतला, आणि काकाजींच्या पुढच्या खोलीत सगळं मांडून दिलं. म्हटलं, काकू, बसा आता.

काकू बसायला तयार होत्या. पण काकाजींनी सांगितलं, आधी ट्रायल. प्लांटमध्ये नवं यंत्र आलं की त्यावर लोड टाकण्याआधी ते काही दिवस रिकामं चालवून बघतात. तसा तो कॉम्प्युटर काकूंच्या पुढच्या खोलीत दिवसभर नुसता चालू राहिला. काकाजी त्याच्या बाजूला स्टुलावर बसून मधून मधून त्याच्या अंगाला हात लावून बघत, आणि काकू मला भिंतीवरून सांगायच्या की माझ्या तापाच्या वेळी सुद्धा एवढा हात नव्हता लावला.

ट्रायल झाली, पण घरघर थोडी आहेच म्हणून त्यांनी काय केलं, तर मशीन उचललं आणि दिवाणाच्या पेटीत ठेवलं. खाली रजया, वर फळी, त्यावर गादी. वायर बाहेर काढायला बाजूने भोक पाडलं. आवाज अगदी नाहीसा झाला, हे मान्य करायला हवं. त्यांनी मला कौतुकाने बोलावून दाखवलं, काकूंनी सूर लावला, आणि पहिलं कडवं संपायच्या आत पडदा काळा झाला. नागपूरचा उन्हाळा, रजयांमध्ये कोंबलेलं मशीन, दुसरं काय होणार. मला वाटलं आता हे हिरमुसतील. त्यांनी फळी उचलली, मशीनला हात लावला, चटका बसला तसा हात झटकला, आणि चेहरा असा उजळला की काय सांगू.

"तापलं अन सोताच बंद झालं," ते म्हणाले. "ट्रिप झालं म्हणजे वाचलं. प्रोटेक्शन एक नंबर आहे याचं."

त्यानंतर निघाली अर्थिंगची कहाणी. रेकॉर्डिंगमध्ये खालून एक घुंकार येत होता. हा मलाही ऐकू आला. घराचं अर्थिंग बरोबर नसलं की असं होतं. काकाजींना एकदम तरतरी आली, कारण हा प्रांत त्यांचा. त्यांनी अंगणात खड्डा खणवला, त्यात पट्टी उभी केली, कोळसा आणि मीठ थरांनी भरलं. घुंकार गेला. पण असा खड्डा उन्हाळ्यात ओला ठेवावा लागतो, म्हणून रोज सकाळी ते बादलीभर पाणी नेऊन त्यात ओतायचे. शेजारी काकूंचा मोगरा सुकत होता. काकूंनी एक दिवस मला भिंतीशी बोलावून ते दृश्य दाखवलं, 'बघ वं' म्हणाल्या. त्या दिवशी मला जाणवलं की त्यांचा आवाज बारीक झाला आहे.

मधल्या काळात ऑपरेशनची तारीख एकदा पुढे ढकलली गेली होती. तेव्हा कारण एप्रिलचं होतं. जयंतीचे कार्यक्रम आहेत, गाणं आहे, होऊन जाऊ द्या, असं काकूच म्हणाल्या होत्या. पण मेमधली तारीख काकाजींनी ढकलली, आणि काकूंना न विचारता. प्रज्ञाला फोनवर सांगितलं, सगळं नॉर्मल. खरं काय ते तिला कळलं डॉक्टरांना स्वतः फोन केल्यावर. मग ती मला फोन करून रडली. ताई, तुम्ही काहीतरी करा, बाबा कॉम्प्युटर कॉम्प्युटर करत बसलेत आणि आईला पाणी गिळताना ठसका लागतो. मला काकाजींचा इतका राग आला की मी हातातली कणीक तशीच ठेवून त्यांच्या घरी गेले.

ते टेबलापाशी दोन इंटरफेस समोर ठेवून बसले होते. एक मी आणलेला, दुसरा त्यांनी नवा आणलेला. मी विचारलं, दोन कशाला. बिघडला तर असावा म्हणून. म्हटलं, काकाजी, एकावर सुद्धा अजून एक गाणं झालेलं नाही. तारीख काहून पुढे नेली?

ते बराच वेळ वायर गुंडाळत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सीमा, प्लांटमधी एक युनिट ओव्हरहॉलले बंद करायचं असन, तर पयले दुसरं लोडवर घ्या लागते. दुसरं चालून नाई राहिलं अन पयलं बंद केलं, तर अंधार होते, बेटा."

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. कॉम्प्युटर ठरत नव्हता, कारण तो ठरला असता तर तारीख ठरली असती. एवढे दिवस मी त्यांना पंखे आणि रॅम समजावून सांगत होते, आणि हा माणूस बायकोचा आवाज जाईल या भीतीने रोज एक नवी खोट शोधत होता.

काकू आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मी युनिट आहो का जी?" त्यांनी विचारलं. "गाठ माह्या गळ्यात हाय. तुमच्या कॉम्प्युटरात नाई."

एवढंच बोलून त्या आत गेल्या. काकाजी दिवसभर खोलीतून बाहेर आले नाहीत, असं नंतर कळलं. पण माणूस असा एका बोलण्याने बदलत नाही. दोन-तीन दिवसांनी ते पुन्हा बर्डीवर गेले, माइकला नवी वायर आणायला. जाताना दारातून नेहमीप्रमाणे चार्ज देऊन गेले. आणि काकूंनी चार्ज घेतला.

त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. "ये वं सीमा. थे मशीन चालू करून दे. हे घरी याच्या आत करून टाकू."

भर दुपार होती. कूलर बंद केला, कारण त्याच्या आवाजात काहीच करता आलं नसतं. खिडक्या लावल्या. मी मशीन टेबलाखाली सरकवलं, जुनीच वायर लावली, माइक काकूंच्या तोंडाजवळ आणला आणि बटण दाबलं. काकू दिवाणावर पाय दुमडून बसल्या. पदराने कपाळ पुसलं. मग रोवण्याचं पहिलं गाणं उचललं.

आधी आवाज अडखळला. मधे थांबून त्या पाणी प्यायल्या, ठसका लागला, पुन्हा सुरू केलं. एका गाण्याची तिसरी ओळ आठवेना, तेव्हा स्वतःशीच हसल्या, आईचं नाव घेतलं, आणि ओळ आली. गल्लीतून आंबेवाला ओरडत गेला. तोही रेकॉर्ड झाला. माझ्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. काकू जयंतीच्या गाण्यांवर आल्या आणि तिथे त्यांचा मूळचा आवाज बाहेर पडला, तो विहारातला, शेवटच्या ओळीपर्यंत जाणारा. मला त्या सुराचं सुखही वाटत होतं आणि भीतीही. हा असा शेवटचा असेल तर, हे डोक्यातून जात नव्हतं.

तेवढ्यात खिडकीच्या फटीतून मला काकाजी दिसले. ते केव्हा आले होते कोण जाणे. आत आले तर दाराचा आवाज होईल म्हणून बाहेरच थांबले होते, आणि चपलेचा आवाज नको म्हणून चप्पलही काढून ठेवली होती. व्हरांड्याची फरशी मे महिन्यातली. ते वायरचं खोकं छातीशी धरून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभे राहत होते. मी खुणेने त्यांना सावलीत जा म्हटलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. पाळणे संपेपर्यंत ते तिथेच होते.

शेवटचं गाणं झाल्यावर मी बटण बंद केलं आणि दार उघडलं. काकाजी आत आले. काकूंनी त्यांच्या पायांकडे बघितलं.

"झालं तुमचं दुसरं युनिट चालू," त्या म्हणाल्या. "आता डॉक्टरले फोन लावा."

काकाजींनी टेबलाकडे बघितलं, हातातल्या वायरकडे बघितलं. तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणणार की एकदा तपासून बघू. त्यांनी काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, "लावतो." मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं की सगळं आलं ना. म्हटलं, आलं, पंख्याची घरघर पण आली आणि आंबेवाला पण आला. येऊ दे, म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी प्रज्ञा पुण्याहून आली होती. काकूंना आत नेत होते तेव्हा स्ट्रेचरवरून मान वळवून त्या काकाजींना म्हणाल्या, "चार्ज तुमच्याकडे." काकाजी दार बंद होईपर्यंत स्ट्रेचरच्या मागे चालत गेले.

तो वेळ कसा गेला ते मी सांगत बसत नाही. काकूंना वॉर्डात आणलं, त्या शुद्धीवर आल्या, आणि डॉक्टर आवाज बघायला आले, त्या वेळी काकाजी खोलीत नव्हते. ते बाहेर पार लांब, जिन्यापाशी जाऊन उभे राहिले होते. जगातल्या प्रत्येक मोटरला कान लावणारा माणूस, त्याला हे ऐकायचं नव्हतं. डॉक्टरांनी काकूंना नाव विचारलं. काकूंनी आवंढा गिळला, तोंड वाकडं केलं, आणि खरखरीत पण स्पष्ट आवाजात पूर्ण नाव सांगितलं. प्रज्ञाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मी जवळजवळ धावतच जिन्यापाशी गेले.

"बोलली?" काकाजींनी विचारलं.

"बोलल्या. नाव सांगितलं."

"पुरं?"

"पुरं. तुमचं पण सांगितलं."

ते बाजूच्या बाकावर बसले. बोट न फिरवता बसले. दवाखान्यातला बाक, त्यावर किती धूळ होती ती मला दिसत होती. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि खांदे हलायला लागले. माझाही जीव भांड्यात पडला होता आणि डोळ्यांना धार लागली होती. पुढे गाठीचा रिपोर्ट आला, तोही चांगला आला. त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्याच्या घरच्या आनंदात त्यांनी पदरचे पेढे वाटलेले मी तेवढेच पाहिले.

काकूंचा आवाज हळूहळू परत आला. सगळा नाही आला. वरचे सूर गेले ते गेलेच. खालचा आवाज होता, जरा जाडसर झाला होता. काकूंना त्याचं काही वाटत असेल तर त्यांनी दाखवलं नाही. भांडताना मात्र आवाज पूर्वीइतकाच पोचायचा, हे मी भिंतीपलीकडून सांगू शकते.

मी त्या दुपारची सगळी गाणी नीट कापून, नावं घालून, पेन ड्राइव्हवर भरली आणि काकाजींना नेऊन दिली. एक प्रत प्रज्ञाला पाठवली. काही दिवसांनी विचारलं, ऐकलंत का, कसं वाटलं. काकाजी ओशाळल्यासारखे झाले. पेन ड्राइव्ह अजून खोक्यातच होता. एवढे महिने माझा जीव खाल्लात आणि आता ऐकत नाही, असं मी जरा रागानेच म्हटलं.

आतून काकूंचं कोणावर तरी ओरडणं ऐकू येत होतं, बहुधा दूधवाल्यावर. काकाजींनी त्या दिशेने मान केली.

"कायले ऐकू? थे बोलूनच राहिली ना," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी ते दोघं पुण्याला मुलीकडे राहायला गेले. घर विकलं नाही, पण आता येणं होत नाही. फोनवर काकाजी भेटतात, सगळं नॉर्मल असतं.

निघण्याच्या आदल्या रविवारी सकाळी विहारात वंदनेनंतर काकूंना गायचा आग्रह झाला. मीही गेले होते. काकू उठल्या. खालच्या पट्टीत त्यांनी गाणं उचललं, आणि ज्या ठिकाणी वर जायचं तिथे त्या थांबल्या. बाजूच्या बायकांनी ती ओळ वर नेली आणि काकूंनी ती पुन्हा खाली घेतली. हे त्यांनी आधी ठरवलेलं असावं. ऐकायला छान वाटत होतं. मी काकाजी कसे ऐकतात ते बघायला मागे वळले.

ते मागच्या भिंतीला टेकून बसले होते आणि गाढ झोपले होते. मान खांद्यावर पडलेली, तोंड जरासं उघडं, हात मांडीवर सैल. बाजूच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना ते बरं दिसलं नाही. बायको गाते आणि हा घोरतो. त्यांनी काकाजींना हलवायला हात पुढे केला. काकूंनी समोरून ते पाहिलं, गाता गाताच हाताने 'नको' केलं, आणि पुढचं कडवं जरा हळू उचललं.